रोज एकच अध्याय

५ ऑक्टोबर
ऋतुजानं स्वतः लिहिलेलं पुस्तक पाठवलं. पोस्टानं. सोबत चिठ्ठी नाही. चार वर्षांनी लेकीकडून काही आलं ते हे! ठरवलेलं स्थळ मोडून पुण्याला निघाली, तेव्हा परत तोंड दाखवू नको असं मीच म्हणालो होतो. मग आता हे कशाला?

शेजारच्या धुळाजीनं उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाला, "सोताच छापलंय बे पोरीनं. दुसरं कुणी छापंना वाटतं."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पोथी वाचतो. हेही तसंच वाचायचं — आंघोळ करून, रोज एकच अध्याय. पुढची पानं आधी उघडायची नाहीत. नऊ अध्याय आहेत. उद्यापासून सुरू.

६ ऑक्टोबर
एक म्हातारा राजा माझ्या मेंढरांसारखे ढग राखतो. एक ढग शिंकला की अख्खं राज्य चिंब! मोठ्यानं हसलो. ऋतुजाची आई, भामाबाई, असती तर तिला वाचून दाखवलं असतं.

८ ऑक्टोबर
राजा भित्रा आहे. दाराला कडी लावतो, चार पावलं जातो, परत येऊन कडी बघतो. हा तर मीच. धारूरच्या बाजारात लोक हसतील. सूड घेतला का पोरीनं?

९ ऑक्टोबर
भीत भीत वाचला. अध्याय चुकवता येत नाही.

११ ऑक्टोबर
राजाची लेक ढगावर बसून निघून जाते. जाताना राजा तिला काहीतरी बोलला, एवढंच लिहिलंय. काय बोलला ते नाही. माझं बोलणं तिनं झाकलं. दोनदा वाचलं.

१२ ऑक्टोबर
दसरा. आपट्याची पानं काढून ठेवली. धुळाजी तेवढा आला. "पोरीला फोन कावून लावत न्हाईस?" म्हणाला. नंबर आहे. पण तिनं उचललाच नाही तर? दिवसभर फोन हातात धरून बसलो. नाही लावला.

१४ ऑक्टोबर
नववा, शेवटचा अध्याय संपला. राजा हरवलेला ढग कानाला धरून घरी आणतो. पुस्तकाला हात जोडले अन् पान उलटलं. मागं कोऱ्या पानावर पेनानं लिहिलेलं, तिच्या अक्षरात —

"आबा, दसऱ्याला सोनं द्यायला येऊ का? फोन करा. नाही आला तर समजून घेईन."

दसरा परवाच झाला.

१४, सांजच्याला
फोनवर मला बोलता यायचं नाही. प्रकाशक म्हणून तिचंच नाव छापलंय, खाली घरचा पत्ता. मेंढरं धुळाजीवर सोपवली. पुणं कधी पाहिलेलं नाही. सकाळच्या एसटीनं निघतो.