घेतली असल्यास १

३ ऑक्टोबर २०१७
डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर पहिलीतल्या पोराचे. चालेल.

दवाखान्याचा मेसेज आजपासून सुरू. सकाळी आठला. ‘गोळी घ्या. घेतली असल्यास १ पाठवा.’ १ गेला नाही, तर पुण्याला हिमानीला फोन जातो. म्हणून मेसेज येताच १ पाठवून टाकतो. पोरीच्या जिवाला घोर नको.

५ ऑक्टोबर
शेजारच्या उकंडरावांनाही माझ्याच महिन्यात लकवा. गोळ्या एकाच दिवशी आणल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांचा मेसेजही माझ्याच फोनवर. भिंतीवरून हाक मारतो — ‘उकंडराव, गोळी!’ पलीकडून — ‘हाव सर, घेऊन राह्यलो!’ त्यांचाही १. मग कपाशीच्या गप्पा, बेबीवहिनींचा चहा.

१४ ऑक्टोबर
आठ वाजले. दोन १.

२३ ऑक्टोबर
उकंडरावांच्या बीटीच्या बोंडात गुलाबी अळी. ‘बोंडअळी येत नाही म्हून पाकिटावर छापेल होतं. तुम्हीच तर वाचून देल्लं, सर!’ ते हसले. मला हसू आले नाही.

३० ऑक्टोबर
संशय येतो. नुसते ‘हाव’ म्हणून हा माणूस शेतात जात असेल. आणि मी १ पाठवतो — खोटी साक्ष! डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका आला तर उठणे नाही.

३१ ऑक्टोबर
काठी टेकत त्यांच्याकडे गेलो. ‘गोळ्या दाखवा.’

त्यांनी डबा उघडला. पहिल्या दिवशी तीस गोळ्यांना तीस सरक्या मोजून ठेवलेल्या. गोळी घेतली की एक सरकी बाहेर. डब्यात एक गोळी, एक सरकी.

ओशाळलो.

बेबीवहिनी नवऱ्याला म्हणाल्या, ‘आता सरायच्या गोळ्याबी पाहून या हो.’

‘माझ्या कशाला? मी रोज १ पाठवतो!’

तरी आले. कपाट उघडले. तीसपैकी बावीस शिल्लक.

आधी १. मग हाक, गप्पा, चहा. गोळी राहून जायची. मला वाटायचे, घेतली.

उकंडरावांनी पाण्याचा पेला भरून दिला. त्यांच्यासमोर एक गिळली.

१ नोव्हेंबर
आठ वाजता मेसेज. बोट १ वर.

दारात उकंडराव. मुठीत एकवीस सरक्या. ‘थांबा सर, दाबू नका. आधी पानी.’