ओटच्या बिस्किटांवरचं आयसिंग

४ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. इकडे यांची तब्येत जरा नरम आहे. छापखान्यात जाणं बंद आहे आणि जेवणावरची वासनाच उडाली आहे. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. काल आपणहून मागितलं, तर काय? तुमच्या आई करायच्या ती ओटची बिस्किटं, वर पांढऱ्या आयसिंगची. इतकी वर्षं बायकोच्या हातचं खाऊन शेवटी आईच आठवली, असं मी चिडवलं, तर बऱ्याच दिवसांनी हसले.

लगेच करायला घेतली. ओव्हनमध्ये सगळी पसरून एकच भलीमोठी चकती झाली आणि आयसिंग आत मुरून चिकचिकाट. यांनी तुकडा तोंडात घेतला आणि म्हणाले, आईचा हात ताईकडे गेलाय. तेव्हा सगळं बैजवार कळवा.

गुडघा सांभाळा आणि आमची आठवणही.
तुमची,
धाकटी

१० जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी चकती वाचून हसले, टाके दुखेपर्यंत. आता नीट ऐक. ओट कोरडे भाज आणि मिक्सरमधून जाडसर फिरव. पीठ करू नकोस, अख्खेही ठेवू नकोस. लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. दालचिनी हात सोडून, जायफळ नावापुरतं. गोळे फ्रिजमध्ये घट्ट होऊ देत, मगच भाज. बिस्किट पूर्ण गार झालं की पालथं धरून आयसिंगला नुसतं माथं टेकव. बुडवलंस की फसलीस. खाचा तपकिरीच दिसल्या पाहिजेत.

लहानपणी बाबू वरचं आयसिंग चाटून उघडं बिस्किट गुपचूप डब्यात परत ठेवायचा आणि मार मी खायची. पण धाकटे, हे ‘जरा नरम’ म्हणजे किती? मला खरं काय ते लिही.

दोघांना जवळ घेतलं असं समज.
तुझी,
ताई

१७ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

आता लपवत नाही. यांनी शपथ घातली होती, ताईचा पाय बरा होईपर्यंत कळवायचं नाही म्हणून. पोटात गाठ आहे आणि डॉक्टरांनी हात टेकले आहेत.

बिस्किटं जमली. यांनी बशी हातात घेऊन आधी नुसता वास घेतला. मग आयसिंग चाटलं आणि उघडं बिस्किट माझ्या हातात देऊन डब्यात ठेव म्हणाले. मी ओट्याशी जाऊन रडून घेतलं. ताई आली की पुन्हा कर, तिच्यासमोर आख्खं खाईन, असं म्हणतात.

कसंही करून या. वाट पाहतोय.
तुमची,
धाकटी

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सवयीने ‘सौ.’ लिहून गेले होते. तो कागद फाडून हा नवा घेतला.

घरी सुखरूप पोचले. डोळ्यांसमोरून तो दिवस हलत नाही. मी जिना चढत होते आणि वर दारात चपलाच चपला. बाबू पहाटेच गेला म्हणालीस. सगळी माणसं पांगल्यावर स्वयंपाकघरात आले, तर जाळीवर बिस्किटं. माझ्यासाठी आदल्या दिवशी भाजून ठेवलेली. मी म्हटलं, टाकून दे. तू साखर चाळायला घेतलीस. मग मीही पाय लांब करून बसले आणि एकेकाचं माथं टेकवत गेले. तू मांडत गेलीस. खाल्लं कुणीच नाही.

थोडे दिवस इकडे ये. तुझी खोली तयार आहे.

वाट पाहते.
तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

बोलावलंत, बरं वाटलं. पण अजून पाय निघत नाही.

परवा अर्ध्या मापाने बिस्किटं करावी म्हटलं. एकटीला किती लागणार? सगळं अर्धं काढलं आणि अंड्याशी अडले. एक अंडं अर्धं कसं करायचं? शेवटी पूर्ण घाणा केला आणि डबा छापखान्यात नेला. तिथल्या माणसांनी माझ्यासाठी मशीन बंद केलं. सगळ्यांनी उभ्या उभ्याच खाल्ली, हाताची शाई पुसायचं भान राहिलं नाही. यांच्या शेजारी बसणारे खिळेजुळारी म्हणाले, वहिनी, तुम्हीपण घ्या.

यांच्या मागे पहिल्यांदाच मी एक तोंडात टाकलं. फार छान झालं होतं, वन्सं. तेच सोसलं नाही.

माया आहेच तुमची. आता थोडी जास्त लागेल.
तुमची,
धाकटी