पालखीपुढचा नारळ

३ एप्रिल, गुरुवार
अमृत आला होता! देवस्थान कमिटीचा खजिनदार. साऱ्या गावाला यात्रेचं आमंत्रण भोंग्यावरनं, आमच्या घरी मात्र पेढे घेऊन. चहा पिता पिता हळूच ह्यांना म्हणाला, "नानासो, थोरले म्हणत हुते, औंदाबी नारळ आमचाच." झालं! ह्यांचे कान लाल. इथनं उठून तो थोरल्या बाळासो भाऊजींकडं जाणार आणि तिथंही हेच सांगणार, मला काय कळत नाही होय!

५ एप्रिल
विहिरीच्या पाळीवरनं हे दोघे भाऊ बोलेनासे झाले, तेव्हा आमची नात साक्षी पाळण्यात होती. औंदा दहावीला बसली! वर्षातनं एकदाच एकमेकांना आवाज देतात – यात्रेत, पालखीपुढच्या नारळाच्या लिलावात. एकानं चढवलं की दुसरा चढवणार. वीतभर नारळ म्हशीच्या किमतीला जातो. देवळाची फरशी, सभामंडप, नवा भोंगा, सगळं आमच्या भांडणावर उभं. भैरोबा तरी ह्यांना शहाणपण कशाला देईल? त्याचंच दुकान बसायचं.

देवा, माफ कर. पण खोटं काय लिहिलं?

११ एप्रिल
आरशापुढं उभं राहून फेटा बांधून बघितला. तोंडानं चालूच, "दादा पयला जोरात येईल, मग दमंल." अजून दादाच म्हणतात! भांडण एवढं पक्कं, पण थोरल्याचं नाव घ्यायची छाती नाही. मी पदर तोंडाला लावून हसले.

१२ एप्रिल, यात्रा
नारळ आमचा. पहिल्याच बोलीत!

हे ओरडले, "एक हजार!" आणि मागं वळून वाट बघत राहिले. भाऊजी आले होते, पार मागं चिंचेखाली, गळ्याला उपरणं गुंडाळून. हलगी, गुलाल, ही गर्दी! अमृतनं भोंग्यावरनं तीनदा विचारलं. मागनं आवाज नाही. आमच्यात बोली तोंडानंच बोलायची असते. कमिटीचे चेहरे बघण्यासारखे झाले.

पण घरी येऊन हे जेवले नाहीत. नारळ देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाले, "दादानं मला भांडायच्या लायकीचाबी ठेवला न्हाई." मी चिडवणार होते, त्याऐवजी ताट झाकून ठेवलं.

१४ एप्रिल
गिरणीत जाऊबाई भेटल्या. आम्ही बायकांनी ते भांडण कधी घेतलंच नव्हतं, दळणाच्या निमित्तानं बोलतो. आज मला धरून रडल्याच. भाऊजी महिनाभर पुण्याला लेकाकडं गेले होते म्हणे, ते खरं मिरजेला दवाखान्यात होते. गळ्याचं ऑपरेशन. "आवाज गेला गं त्यांचा! धाकट्याला कळू द्यू नगं, म्हणून खुणा करत्यात. लिलावात हात वर केला हुता की त्यांनी. कुणाला दिसला न्हाई."

म्हणजे अमृतनं आणलेला थोरल्यांचा निरोप बनावटच! दळण तिथंच टाकून आले. ह्यांना सांगितलं. हे अनवाणीच बाहेर पडले. मला वाटलं, भाऊजींकडं गेले. तर अमृतकडं! "लिलाव चुकला, परत घ्या." अमृत कशाला नको म्हणतोय? मेला लगेच भोंग्याला चिकटला.

१५ एप्रिल
परत लिलाव झाला. हे भाऊजींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. भाऊजींनी बोटं दाखवायची, ह्यांनी ओरडायचं, "दादा म्हणतोय दोन हजार!" लगेच स्वतःचे तीन. पुन्हा दादाचे चार! गाव पोट धरून हसतंय, आणि मी डोळे पुसतेय.

भाऊजींनी पाचही बोटं वर केली. "दादाचं पाच!" हे ओरडले.

अमृतनं तीनदा विचारलं. ह्यांनी तोंड उघडलं नाही.