सूचीतून गाळलेलं पान

३ मार्च
या मोसमाची सहा पुस्तकं कच्च्या छपाईत टेबलावर येऊन आदळली. सहाही अभ्यासाची, सहाही जाडजूड! एक तर नुसतं चिखलावर — चारशे पानं! मी शेवटची सूची करायची, कोणाचं नाव कुठल्या पानावर ते. चौथं पुस्तक रंगाच्या कारखान्यातल्या आगीचं. बाबांचा कारखाना! लेखकाने जुन्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा बाबाही दोनदा जाऊन आले होते. रोज विचारतात, "आलं का गं?"

६ मार्च
पान २१२. वाचलं. पुन्हा वाचलं.
मागच्या दाराची चावी बाबांकडे होती. दार न उघडता ते आधी बाहेर पळाले. आत अडकलेले तिघे जळून मेले. नाव-आडनावासकट छापलंय! खाली टीप — मुलाखत क्र. १४.
आम्ही जन्मभर ऐकलं ते वेगळंच. बाबांनी कुलूप फोडलं, माणसं बाहेर काढली. आई होती तोवर आल्यागेल्याला हेच सांगायची.
कोण हा चौदा नंबर? मिशीवाले काकाच असणार. बाबांच्या बरोबरीचे, बढतीवरून बिनसलं तेव्हापासून डूख धरून आहेत.

७ मार्च
संपादकांकडे गेले. आपलेच बाबा हे सांगायचा धीर झाला नाही. नुसतं विचारलं, २१२ चा पुरावा पक्का आहे ना? चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुमचं काम सूचीचं. मजकुरात कशाला नाक खुपसता?" लेखकाला फोन केला. "नावं मी देत नसतो. पण माणूस भरवशाचा आहे." भरवशाचा म्हणे!

८ मार्च
रडले. काही सुचत नाही.

११ मार्च
बाबांचे डोळे अधू झालेत, दोन पानांत थकतात. म्हणून पुस्तक मागून उघडतात — सूचीत हवं ते नाव शोधायचं आणि तेवढीच पानं वाचायची. ही सवय लावली कुणी? मीच!
आज त्यांच्या नावापुढे लिहिलं — ४१, ८८, १३०. २१२ गाळलं. बावीस वर्षांत एक पान चुकवलं नव्हतं. लाज वाटली स्वतःची. पण दुसरं करणार काय मी?

१९ मार्च
रस्त्यात मिशीवाले काका. "काय गं, बरे आहेत ना बाबा?" मी तोंड फिरवून चालू लागले. म्हातारा तिथेच उभा राहिला.

२ मे
पुस्तक आलं. बाबांच्या हातात दिलं. त्यांनी मागून उघडलं, नावावर बोट ठेवलं. तिन्ही पानं वाचली. पुन्हा सूची, पुन्हा तीच पानं. "एवढंच?" म्हणाले.
"एवढंच, बाबा."
जेवले नाहीत. कौतुक कमी पडलं वाटतं!

३ मे
सकाळी बाबांनी जवळ बसवलं. "दार मी उघडलं नाही गं. आधी पळालो. घरात कधी तोंड उघडवलं नाही, म्हणून त्या लेखकाला सांगितलं. त्या तिघांच्या घरचे तरी वाचतील. छापतो म्हणाला होता. त्यानेही गाळलं."
चौदा नंबर बाबाच! आणि गाळलं ते त्याने नाही, मी — हे फक्त इथे लिहितेय.