महामध्याची स्थापना

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. इतिहास घडू घातला आहे, आणि तो घडवणाऱ्यानेच लिहिलेला बरा. दुसऱ्यांवर सोडला की नेमकी आपलीच नावं गळतात.

आमची वृत्तसंस्था अख्ख्या खंडातल्या बातम्या गोळा करून वर्तमानपत्रांना विकते. त्यासाठी खंडाचे पाच विभाग: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य. मध्य माझा. एकोणीस वर्षं. आज नव्या संचालक बाईंनी सगळ्या विभागप्रमुखांना बोलावून विचारलं, की पाचच का? पश्चिमवाला म्हणाला, पूर्वीपासून आहेत. बाई म्हणाल्या, हे कारण नव्हे, हे वय झालं.

महिनाअखेर फेरविभागणी. जो विभाग टिकणार नाही त्याच्या प्रमुखाचं पदही टिकणार नाही. मसुदा करायचं काम अर्थात माझ्याकडे. संस्कृत शिकलेल्या माणसाकडे मसुदे आपोआप येतात. बढत्या रस्ता चुकतात.

संकल्प: अर्धा खंड मध्यात आणायचा. नाव ठरवलं. महामध्य.

४ मार्च

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून पिवळ्या पेन्सिलीने महामध्य रंगवला. फार सुंदर दिसतो. बायकोने विचारलं, ताटं कुठे ठेवू? म्हटलं, समुद्रात जागा आहे. तिने आमटीचं पातेलं थेट उत्तरेच्या राजधानीवर ठेवलं. गोल डाग पडला. शुभशकुन समजतो.

शिवाय म्हणाली, चाललंय ते नीट चाललंय, उगाच कशाला उकरून काढताय. दूरदृष्टी घरात रुजत नाही.

७ मार्च, शुक्रवार

पहिली मीटिंग. उत्तर विभागाचे प्रमुख (यांना आम्ही पर्वतराव म्हणतो, देहामुळे आणि आवाजामुळे) उभे राहून म्हणाले, खंडाची वाटणी निसर्गाने केलेलीच आहे. डोंगर बघा, नद्या बघा. पठाराभोवती चहूबाजूंनी डोंगर आहेत, तेवढा मध्य. बाकी आपापलं.

तेवढा! म्हणजे पठार, एक सरोवर आणि खाणीचं गाव. आज आहे तेवढंच. मी शांतपणे उत्तर दिलं. विभाग म्हणजे दगडधोंडे नव्हेत, माणसं. माणसं काय बोलतात, कुणाची गाणी म्हणतात, रागावली की कुठल्या भाषेत रागावतात, यावरून प्रदेश ठरतो. मग लक्षण सांगितलं: जो कुठल्याच टोकाचा नाही तो मध्य. यात अव्याप्ती नाही, म्हणजे काही सुटत नाही, आणि अतिव्याप्ती नाही, म्हणजे भलतं काही शिरत नाही.

सगळे भारावले असणार. पश्चिमवाला तर डोळे मिटून ऐकत होता.

१० मार्च

साडूंबरोबर चहा. साडू म्हणजे दक्षिण विभागाचे प्रमुख. बायकांच्या नात्याने साडू, नोकरीच्या नात्याने शेजारी. माझ्या नंतर लागले, मीच लावले. म्हणाले, साडूभाऊ, एक सांगू का, रागावू नका. मी म्हटलं, मी कधी रागावलोय? यावर ते जरा जास्तच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, पर्वतरावांचं डोंगरांचं ऐकून टाका. माणसांना विचारायला जाऊ नका. डोंगर फितत नाहीत.

बिचारे. त्यांची दक्षिण माझ्या पिवळ्यात जाईल ही भीती. मी पाठीवर हात ठेवून सांगितलं, तुम्हाला किनारा ठेवीन.

११ मार्च

मसुदा एकमताने मंजूर. शेवटचं वाक्य मी स्वतः घातलं: 'प्रदेश कोणाचा हे त्या प्रदेशातील माणसे सांगतील व त्यांचे सांगणे अंतिम राहील.' 'अंतिम' खाली रेघ. पर्वतरावांनी हात वर केला तेव्हा त्यांचा चेहरा मला सुतकी वाटला. साडू म्हणाले, बघा बुवा.

१४ मार्च

आता फक्त विचारायचं बाकी. माझ्या चार वार्ताहरांना: पठारावरचा, सरोवराकाठचा, खाणीच्या गावातला आणि सीमेवरच्या शाळामास्तरीण बाई. हाताखालची नव्हे, घरची माणसं. पठारावरच्याच्या मुलीच्या लग्नाला मी दोन गाड्या बदलून गेलो होतो. खाणवाल्याला दम्याची औषधं पाठवतो. हे चौघे मध्य म्हणाले की त्यांच्या शेजारचे जिल्हेही म्हणतील. वणवा पसरतो तसं.

संचालक बाईंनी विचारलं, पत्राने कळवायचं का? मी म्हटलं छे, पत्रं माझ्या हातून जाणार, उद्या कोणी म्हणेल पढवलं. सरळ मीटिंगमध्ये स्पीकरवर फोन लावू. सगळ्यांसमोर. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. अशी निःस्पृहता त्यांनी पाहिली नसावी.

१७ मार्च, सोमवार, सकाळ

'महामध्य विभाग' असा शिक्का करायला टाकला. शिक्केवाल्याने विचारलं, हे कुठे आलं? म्हटलं, कळेल.

१८ मार्च, मंगळवार

लिहिणार नव्हतो. पण खाडा नको म्हणून लिहितो.

पहिला फोन पठारावर. बाईंनी विचारलं, तुम्ही स्वतःला कुठल्या भागातले समजता? तो लगेच म्हणाला, उत्तरेचे की! रेडिओ उत्तरेचा ऐकतो, शिव्याही उत्तरेच्याच देतो. मी मध्ये पडून म्हटलं, अरे, आणि मध्य? तो म्हणाला, साहेब तुम्ही पण आहात होय तिथे? नमस्कार. मध्य म्हणजे ते तुमच्या ऑफिसातलं काहीतरी असतं ना?

सरोवराकाठचा म्हणाला, पाणी दक्षिणेला जातं, मासळी दक्षिणेला जाते, मुलीही आम्ही दक्षिणेलाच देतो, आता राहिलं काय मध्याला द्यायला? शिवाय साडूंना म्हणाला, भाऊ, कालची बातमी मिळाली ना? म्हणजे हा इतकी वर्षं दोन्हीकडे बातम्या पाठवत होता. साडू खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर भिंत आहे.

खाणवाला खोकत म्हणाला, पश्चिम. कोळसा तिकडे जातो आणि पगार तिकडून येतो. मग म्हणाला, औषध पोचलं हं साहेब.

उरल्या मास्तरीण बाई. मी स्वतः विचारलं. त्यांनी आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाल्या, आम्ही पूर्वेचे. सगळं गावच. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं कोणी बोललं नाही.

चार माणसं, चार दिशा. शास्त्रात लक्षणाचा तिसरा दोषही सांगितला आहे, असंभव: व्याख्या निर्दोष, फक्त तसली वस्तू जगात नाही. तो त्या दिवशी मी का सांगितला नाही, कळत नाही.

आता खरी गंमत. माझ्या बाजूने उठलं कोण? पर्वतराव! म्हणाले, हे जाऊ द्या हो, डोंगर आहेत, पठार आहे, म्हणजे मध्य आहेच, ठेवा त्यांचा विभाग. शत्रूने फेकलेला दोर. तत्त्वाचा माणूस दोर कसा धरेल? मी म्हटलं, ठराव ठराव असतो. बाईंनी रेघ मारलेला शब्द मोठ्याने वाचला. साडूंनी कपाळाला हात लावला. हे सगळं आधी ठरलेलं होतं, याबद्दल मला शंका नाही.

१९ मार्च

ताप असल्यासारखं वाटलं. नव्हता.

२० मार्च

घरीही फितुरी. मी काही सांगण्याआधी बायकोला सगळं ठाऊक. तिची बहीण म्हणे परवाच रडली फोनवर. रडायचं काय? सरोवर मिळालं ना तिच्या नवऱ्याला? बायको म्हणाली, अहो, ती तुमच्यासाठी रडली. भावजींनी तुम्हाला सांगून पाहिलं होतं, त्यांना ते सरोवरही नको होतं.

सगळे एकमेकांना सामील असले की असंच एकसारखं बोलतात. पूर्वी लोक पाठीत खंजीर खुपसायचे. आता आधी येऊन सांगून जातात, साडूभाऊ, तिकडे खंजीर आहे, जाऊ नका.

संकल्प: साडूंशी आजन्म अबोला.

२१ मार्च

साडूंनी विचारलं, सरोवराकाठच्या त्या जुन्या बंदराचं नाव काय हो? सांगितलं. बंदराचा इतिहासही सांगितला. अबोला उद्यापासून.

२४ मार्च, सोमवार

मध्य विभाग अधिकृतरीत्या बरखास्त. माझं टेबल चौघांनी उचलून जिन्याखाली नेलं. एकेक पाय एकेका विभागाच्या माणसाने धरला होता. मला हे दृश्य पाहायला लावण्याचं कारण नव्हतं. पर्वतराव म्हणाले, जपून रे, कोपरा लागेल. हा माणूस चांगला वागून सूड घेतो.

बाईंनी सांगितलं, विभागप्रमुख आता चारच. तुम्ही यातल्या एका विभागात काम कराल. कुठल्या, ते पुढच्या सोमवारी मी तुम्हालाच विचारेन. तुमच्याच ठरावाप्रमाणे, तुम्ही सांगाल ते अंतिम.

२८ मार्च

उत्तर तयार. पाठ केलं. ताठ उभं राहायचं, चष्मा काढायचा आणि म्हणायचं: मी मध्याचा. मध्य नकाशावर नसेल, पण जोवर एक माणूस तसं म्हणतो तोवर मध्य आहे. मग राजीनामा टेबलावर. आरशासमोर म्हणून पाहिलं. अंगावर काटा आला. बायकोने बाहेरून विचारलं, बरं वाटत नाहीये का?

३० मार्च, रविवार

उद्या.

३१ मार्च, सोमवार, दुपार

बाईंनी बोलावलं. ताठ उभा राहिलो. बसा म्हणाल्या, बसलो. चष्मा काढला, पण मग त्यांचा चेहरा दिसेना म्हणून परत घातला. विचारलं, तुम्ही स्वतःला कुठल्या भागातले समजता?

म्हटलं, दक्षिणेचा.

का, असं विचारलं. म्हटलं, आमचे साडू असतात तिकडे.