मिरचीच्या खोलीतलं मशीन

नंदुरबार,
२१ मार्च २०२५

म्हसावदच्या घरातील समस्त थोरामोठ्यांस बेबीबाईचा नमस्कार, लहानांस आशीर्वाद. रुपा, हे पत्र सगळे ओसरीवर असताना मोठ्याने वाच.

ओसरीवर बसलेल्या विहीणबाई, आणि त्यांच्या आजूबाजूच्या लेकीसुनांनो! तुम्हां सगळ्यांचं दुखणं एकच आहे. हात तुमचे, कसब तुमचं, आणि पाटी दुसऱ्याची. माझी भाची रुपा भर उन्हात एस.टी.ची वाट बघत उभी राहते. गाडी कधी थांबते, कधी धुरळा उडवून पुढे जाते. मग शहाद्याला हेमकांत मास्तरांच्या दुकानात बसून ती नवऱ्यामुलींच्या ब्लाऊजवर मोर आणि वेली भरते. गिऱ्हाईक विचारतं, हे कुणी भरलं? उत्तर येतं, मास्तरांच्या दुकानानं. हा अन्याय मी साऱ्या जिल्ह्यातल्या सभांमधून सांगत आले, आणि माझ्याच घरच्या मुलीच्या बाबतीत गप्प बसू?

जावई भूपेंद्रराव, भरतकामाचं मोठं मशीन घ्यायचं की नाही, हा विचार तुम्ही दिवाळीपासून करताय म्हणे. आता विचार पुरे. मशीन घरी आणा. बाईनं कामासाठी उंबरा का ओलांडावा? कामानंच उंबरा ओलांडून तिच्यापाशी यावं! घर हाच तिचा कारखाना होऊ द्या.

राग मानू नये. बोलण्याची ही धार मायेपोटी आहे.

आपली,
बेबीबाई


म्हसावद,
२ एप्रिल

ती. बेबीआत्यास रुपाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं. एकदा नाही, तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी शेजारच्यांनाही बोलावलं होतं. सासूबाई माझ्या भाजीच्या मिठाबद्दलसुद्धा कधी कुणाशी सहमत होत नाहीत, पण तुमच्याशी झाल्या. तुमचं उंबऱ्याचं वाक्य त्यांना तोंडपाठ झालंय. तुम्ही इथे निवडणुकीला उभ्या राहिलात तर आमच्या घरातली सगळी मतं तुमचीच.

मशीनसाठी मिरचीची खोली ठरली आहे. पोती हलवली, भिंतींना चुना दिला, तरी आत गेलं की शिंका येतात. खिडकी नाही, पण यांनी दोन ट्यूबलाइट लावल्या आणि कूलर आणतो म्हणाले. माझ्यासाठी एवढं कुणी कधी केलं नव्हतं, म्हणून तक्रार करायचीही लाज वाटते.

परवा नंदुरबारला मशीन चालवून दाखवलं. आत्या, खरं सांगू? मास्तरांच्या मशीनवर सुई एका जागी खालीवर होते आणि कापड ताणलेली रिंग मी दोन्ही हातांनी फिरवते. मोराची मान माझ्या मनगटातून वळते. एका मोरासारखा दुसरा कधी होत नाही. या नव्या मशीनमध्ये नक्षी आधीच भरलेली असते. बटण दाबलं की ते स्वतःच धावतं. धागा तुटला की लाल दिवा लागतो, तेव्हा उठून धागा ओवायचा. मी दुकानदाराला विचारलं, मग मी काय करायचं? तो हसून म्हणाला, वैनी, तुम्ही फक्त बसायचं.

मला नाही म्हणायचं होतं. पण सगळे माझ्याकडे इतक्या आनंदानं बघत होते.

तुमची माया अशीच राहू द्या.

तुमची,
रुपा


नंदुरबार,
७ एप्रिल

चि. सौ. रुपास अनेक आशीर्वाद.

वेडी आहेस! पाण्याचा नळ आला तेव्हाही बायका म्हणाल्या होत्या की विहिरीचीच गोडी बरी. यंत्राला घाबरायचं नसतं, त्याच्यावर स्वार व्हायचं असतं. नक्षी भरलेली असते, तर नवी नक्षी तू काढ आणि त्यात भर. शिंकांचं म्हणशील तर पदर ओला करून नाकाला लाव.

तुझ्या बाबांना, म्हणजे आमच्या गिरधरला, धानोऱ्याला फोन केला होता. ऐकून त्याचा ऊर भरून आला. सासर इतकं कौतुकाचं मिळालं, असं गावभर सांगत फिरतोय. मागे हटू नकोस.

माझे आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझी,
आत्या


म्हसावद,
१३ एप्रिल

ती. आत्यास नमस्कार.

हे पत्र शेजारच्या काजलच्या हाती देतेय. ती कॉलेजला शहाद्याला जाते, तिथे पेटीत टाकेल. फोनवर मी का बोलत नाही म्हणून तुम्ही रागावलात, पण फोन सासूबाईंच्या खाटेवर चार्जिंगला असतो आणि स्पीकर चालू ठेवायची पद्धत आहे.

आत्या, माझी बस बंद झाली. मशीन अजून आलेलं नाही, तरी बस बंद झाली. सोमवारी डबा भरून निघाले तर सासूबाईंनी कुठे निघालीस म्हणून ओसरीवरूनच विचारलं, "कथी जाई ऱ्हायनी? आते तुन्ही आत्यानीच लिखेल शे." बाईनं उंबरा का ओलांडावा, हे तुमचंच वाक्य. मी म्हटलं, मास्तरांकडे एका नवरीचं काम अर्धं राहिलंय. तर यांनी स्वतः मोटारसायकलवरून जाऊन कळवलं की रुपा आता येणार नाही. मास्तरांनी माझी रिंग आणि कात्री पिशवीत घालून पाठवून दिली. ती पिशवी बघून मला कळलं. यांना मशीन नकोच होतं. मी बसनं जाणं थांबायला हवं होतं, गावात बोलणं व्हायचं म्हणून. कुणी तोंडानं नको म्हणत नव्हतं. तुमच्या पत्रानं त्यांना ते न भांडता म्हणता आलं.

मशीन दारातून आत जाणार नाही. खोलीची चौकट अरुंद आहे. म्हणून गवंड्यानं चौकट काढून ठेवली आहे. शनिवारी, सव्वीस तारखेला, दुकानदाराचा माणूस मशीन घेऊन येईल. ते आत गेलं की त्याच दिवशी चौकट पुन्हा बसवणार. म्हणजे ते परत कधी निघायचं नाही. मी म्हटलं, पुढच्या खोलीत ठेवा ना, बायका येतील, बसतील, मला रस्ता दिसेल. हे म्हणाले, तिथे पाहुणे बसतात.

तो माणूस मला आठवडाभर शिकवणार आहे, म्हणून यंदा अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, माहेरी नाही. आखाजीचं जाणं मागायचं नसतं, माहेरून भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला यावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. बाबांनी जावयांना फोनवर सांगून टाकलं की यंदा कुणी येत नाही, कामाच्या आड यायला नको.

इथे कुणी वाईट नाही, आत्या. वाईट असते तर मी भांडले असते. काल कूलर आला.

आठवण ठेवा.

रुपा


नंदुरबार,
२० एप्रिल

चि. गिरधर यास ताईचे आशीर्वाद.

काल मी म्हसावदला जाऊन आले. तुला सांगितलं नाही, कारण तू अडवलं असतंस. ओसरीवर माझ्या पत्राला प्लास्टिक चढवून भिंतीवर लावलंय. मी बोलायला उभी राहिले. अर्धा तास बोलले. मुलीचं काम म्हणजे चार माणसांत बसणं, रस्ता, गिऱ्हाईक, स्वतःच्या हातानं वळवलेली मोराची मान, हे सगळं सांगितलं. विहीणबाई शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी चहा दिला, भिंतीकडे बोट केलं आणि प्रेमानं म्हणाल्या, "बेबीबाई, ते लिखेल बी तुमनंच शे ना?" मी चहा पिऊन उठले. रुपा मिरचीच्या खोलीच्या उघड्या भगदाडाशी उभी होती. रडत नव्हती. शिंकत होती.

तेव्हा भाषणं आता माझ्यापाशीच राहू देत. तू फोनवर म्हणालास, लेकीच्या घरात मशीन ई ऱ्हायनी, आणखी काय जोयजे? आणि सासरच्या मामल्यात आपण पडायचं नाही. मग पडू नकोस. व्याह्यांशी एक शब्दही भांडू नकोस. पण आखाजीला भाऊ दारात आला, पाय धुतले, जेवला, की त्याला रिकामा परत पाठवणारं घर साऱ्या तापीकाठावर नाही. म्हसावदचे तर नाकाला जपणारे लोक आहेत. मी आत्या, मला चहावर वाटेला लावता येतं. मुऱ्हाळ्याला नाही.

शनिवारी शिकायला रुपा तिथे नसेल, तर तो माणूस मशीन कुणापुढे उतरवणार? ते नंदुरबारला परत जाईल. हेमकांत मास्तरांना मी भेटले. त्या नवरीचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. रुपाला मशीन हवं आहे की नको, कुठलं, आणि कुठं ठेवायचं, हे तिनं धानोऱ्याला तुझ्या अंगणात बसून ठरवावं. आजवर तिला ते कुणी विचारलेलंच नाही. मीही नाही.

तुझ्या भूपेशला शेतात कितीही काम असू दे. मक्याची कणसं एक दिवस थांबतील. मला उत्तर लिहीत बसू नकोस. शुक्रवारी सकाळी भूपेशला गाडी देऊन, बहिणीचा मुऱ्हाळी म्हणून, म्हसावदच्या दारात पाठव.

तुझी,
ताई