चौथ्या रिळातला कचरा

दि. ९ जून, रविवार

चि. भोंग्यास,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. सूनबाईला सांग, तिने दिलेली शाल पांघरूनच हे लिहितेय.

तू पाठवलेली, आमच्या जुन्या चित्रपटाची नवी नमुना डिस्क काल पाहिली. दारावरची थाप मागच्या स्पीकरमधून आली आणि मी खुळी उठून दार उघडायला गेले! हस, हस. बाजाराचा गलका मात्र छान पसरलायस. आम्ही सगळं एकाच स्पीकरमध्ये कोंबायचो. तुझ्याकडे जागा आहे, वापर. त्याचा राग नाही.

राग चौथ्या रिळाचा आहे. नायिका घर सोडून निघते आणि उंबऱ्यावर थबकते. मूळ चित्रपटात तिथे कुठूनतरी तान्हं मूल रडतं. तुझ्या डिस्कमध्ये चिडीचूप. फोनवर विचारलं तर म्हणालास, "आई, तिथे कचरा होता. साफ केला."

कचरा! अरे, त्या कचऱ्यासाठी मी भर स्टुडिओत दिग्दर्शकाशी भांडले. "पुन्हा घेऊ," म्हणाला. मी म्हटलं, "मुळीच नाही. शेजारचं मूल रडतंय, म्हणून तर ती थांबलीय." त्याला पटलं. पुढे मुलाखतींमध्ये ती कल्पना त्याचीच झाली, ते सोड.

खरं म्हणजे कल्पनाबिल्पना काही नव्हती. घरी तुला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून टोपलीत घालून तुला पडद्यामागे ठेवलं होतं. स्टुडिओच्या मॅनेजरने आधीच बजावलं होतं, "पोराचा आवाज आला तर उद्यापासून येऊ नका." आणि नायिकेच्या उसाशाचं डबिंग चालू असताना तू भोकाड पसरलंस. टेक बाद झाला असता तर मीही बाद झाले असते. मग सुचेल ते ठोकून दिलं. पण मिक्सिंगला बसले तेव्हा त्या तुकड्याचा आवाज मुद्दाम चढवला. ऐकू दे म्हटलं सगळ्यांना.

आज तो कचरा डिस्कच्या कंपनीत पगार घेतो आणि आईचं काम साफ करतो.

मंगळवारी डिस्क छपाईला जाणार म्हणालास. मूळ ट्रॅक तुझ्याकडे आहे. ते रडणं परत घाल, हव्या त्या स्पीकरमध्ये घाल. साहेब कुरकुरले तर म्हणावं, आधी चित्रपटाच्या श्रेयाच्या पाट्यांमधून माझं नाव काढा.

त्या दिवशी सगळे मला सांगत होते, त्याला गप्प करा. मी नाही केलं. आता तूही करू नकोस.

तुझी आई,
आणि मूळ ध्वनिमुद्रक